स्टीलचा ग्लास आणि पाचशे पत्रावळ्या

वडगाव रासाई
११ जानेवारी २०२६

पूनम,

जय भीम. तू माझा नंबर ब्लॉक केलास त्याला आज अकरा महिने झाले, म्हणून आता पोस्टमनला कामाला लावलंय. त्याला ब्लॉक करायचं बटण अजून निघालेलं नाही. कागदाच्या मागच्या बाजूला अंगणवाडीचे जुने वजनाचे तक्ते छापलेले आहेत, कुणाचं पोर किती किलोचं ते वाचत बसू नकोस. कोरी बाजू वाया घालवायची नाही, असा आमच्याकडे हल्ली नियम आहे. हसू येत असेल तर हस, मी काही तिथं बघायला नाही.

मुद्द्याचं आधी सांगते. आपल्या दीक्षाचं जमलं. मुलगा केंदूरचा, रोहन नाव, रांजणगावला कंपनीत कायम आहे. १० मेला लग्न, इथंच, समाजमंदिरापुढच्या मैदानात. आणि तुझी लाडकी भाची काय म्हणते ऐक. मावशी आल्याशिवाय मी स्टेजवर चढणार नाही. दोन वर्षं तुझ्याकडे यवतला राहून शिकली, तिचं म्हणणं बरोबरच आहे. मी म्हटलं, येईल गं, माझी बहीण आहे. म्हटलं खरं, आणि लगेच हा कागद घेऊन बसले.

एवढ्याशा ग्लासावरून कुणी इतका अबोला धरतं का? तुझ्या नव्या घराच्या कार्यक्रमात मी माझ्या पिशवीतला माझा स्टीलचा ग्लास काढून पाणी प्यायले, एवढंच ना. पत्रावळ्या आणि प्लास्टिकचे कप विकणाऱ्या दुकानदारांनी इतकं हळवं असू नये.

आबांचा खोकला निम्म्यानं कमी आहे. सगळं सुरू झालं ते त्या खोकल्यावरूनच. शिरूरच्या डॉक्टरांनी विचारलं, घरात जाळता काय? मी म्हटलं, काही नाही, सकाळी बंब पेटवतो. कशानं? कॅरीबॅगनं. रॉकेल मिळेनासं झालं तेव्हापासून अर्धं गाव तसंच पेटवतं. डॉक्टर माझ्याकडे बघतच राहिले. मी, अंगणवाडीत पोरांना नखं कापायला लावणारी बाई, रोज सकाळी बापाच्या खाटेपासून चार हातांवर विष पेटवत होते. त्या दिवशी ठरवलं, घरात कॅरीबॅग येऊच द्यायची नाही. आलीच नाही तर पेटवणार काय?

तर हल्लीचं आमचं घर असं. जुन्या साड्यांच्या नऊ पिशव्या शिवल्यात. दुधाची पिशवी बंद, झुंबरबाईंच्या गोठ्यावरून किटलीनं दूध येतं. झुंबरबाई म्हणजे सोसायटीचे चेअरमन आनंदराव आहेत ना, त्यांच्या मंडळी. तेलाला कॅन, दह्याला बरणी, शॅम्पूच्या पुड्यांऐवजी शिकेकाई. तुझे दाजी सुरुवातीला फार कुरकुरले. परवा आठवडी बाजाराला गेले आणि पिशवी विसरले. माझ्या भीतीनं कॅरीबॅग घेईनात. शेवटी अंगातला शर्ट काढला, त्यात तीन किलो वांगी बांधली आणि बनियनवर स्टँडपासून घरापर्यंत चालत आले. वाटेत चौघांनी तब्येतीची चौकशी केली.

लग्नाला ये. तुझ्या सावळारामरावांना नमस्कार सांग.

तुझी आक्का

८ फेब्रुवारी २०२६

पूनम,

तुझं उत्तर मिळालं. उत्तर म्हणजे टेम्पोवाल्यानं अंगणात टाकलेलं ते भलंमोठं खोकं. आत पाचशे पत्रावळ्या, चकचकीत, प्लास्टिकचा थर दिलेल्या. वर तुझ्या दुकानाची चिठ्ठी, ‘लग्नाला लागतील.’ खाली ना नाव ना गाव. अक्षर मात्र तुझंच होतं. ‘ल’ला लांबडी शेपटी काढणारी आपल्या घराण्यात तूच.

मी तासभर त्या खोक्याकडे बघत बसले. हा टोमणा आहे की आहेर, तेच कळेना. दीक्षा म्हणाली, दोन्ही असेल, मावशीचं तसंच असतं. दाजी म्हणाले, जाळून टाक. मग माझं तोंड बघून म्हणाले, जाळू नको. परत पाठवावं तर तुझा पुन्हा अपमान, वापरावं तर बचत गटातल्या बायका मला जिवंत ठेवणार नाहीत. गेलं वर्षभर मी त्यांना छळून छळून पिशव्या शिवायला लावल्यात. पूर्वी एका डाळीच्या पिशवीसाठी दुकानात भांडणाऱ्या बाया आता डबा घेऊन दुकानात जातात आणि डब्याचं वजन आधी करायला लावून दुकानदाराला घाम फोडतात. अंगणवाडीतल्या एका पोरानं तर आजीची गुटख्याची पुडी हिसकावून माझ्याकडे जमा केली. आता मीच लग्नात ही पत्रावळ मांडली तर?

खोकं आबांच्या खाटेखाली सरकवून ठेवलंय. आबा रोज विचारतात, पूनमनं काय धाडलंय? मी सांगते, लग्नाचं सामान. ते खूश होतात.

तू येणार का, ते मात्र चिठ्ठीत नव्हतं. खोकं चारदा उपसून पाहिलं.

आक्का

८ मार्च २०२६

पूनम,

आज महिला दिन म्हणून शिरूरला भाषण केलं, टाळ्या पडल्या. बाहेर एवढं खरं बोलतेस, तर बहिणीला खोटं का लिहितेस, असं मनात येत होतं. पहिल्या पत्रात मी निम्मंच लिहिलं होतं.

नुसता ग्लास नव्हता. ताटही नेलं होतं मी घरून. तू दारात उभी राहून सगळ्यांना हातात पत्रावळ देत होतीस, नवी साडी, केवढी खुलली होतीस. मी ती बाजूला सारली आणि सावळारामरावांच्या पाहुण्यांपुढे म्हणाले की, मी असल्या कचऱ्यात जेवत नाही. तेव्हा मला वाटलं, केवढं ठाम बोललो आपण.

तू ती पत्रावळ पुढच्या पाहुण्याला दिलीस. मी निघताना फाटकापाशी आलीस आणि म्हणालीस, “आक्का, आबांचा कप हाटेलाबाहेर खुट्टीला येगळा टांगलेला असायचा. आन् तू माझ्या घरी येताना तुझं भांडं येगळं आनलंस व्हय?”

हे वाक्य मी वर्षभराहून जास्त कुणाला सांगितलं नाही. दाजींनाही नाही. म्हणत राहिले की दुकानाला नावं ठेवली म्हणून पूनम रुसली. कारण ते वाक्य तोंडातून काढलं असतं तर त्यात चूक कुणाची, हे आंधळ्यालाही दिसलं असतं.

आज संध्याकाळी आबांच्या पायाला तेल लावताना त्यांना सगळं सांगितलं. वाटलं, चिडतील. आबांनी पाय जवळ ओढून घेतला. मग म्हणाले, “येगळं भांडं लई वंगाळ असतंय, सुवर्णे. मग ते दुसऱ्यानं ठिवलेलं असू दे, न्हाईतर आपुन नेलेलं.”

मग त्यांनी मला माहीत नसलेली एक गोष्ट सांगितली. हॉटेलात पहिल्यांदा प्लास्टिकचा कप आला तेव्हा त्यांना आनंद झाला होता. पाटलानंही पिऊन फेकला, यांनीही पिऊन फेकला. खुंटीची गरजच उरली नाही. पूनम, मी आयुष्यात कधी तुझ्या दुकानाकडे त्या बाजूनं पाहिलं नव्हतं. तू दारात प्रत्येकाला सारखी पत्रावळ देत होतीस, त्यात तुझा केवढा मान होता, ते मला आज कळलं.

मी विचारलं, मग आबा, प्लास्टिकच चांगलं म्हणायचं का? खोकत खोकत हसले. म्हणाले, ते माझ्या छातीला इचार. मग म्हणाले, सगळ्यांची भांडी एकात कालवा. कुणाचं कुठलं, वळखूच येऊ देऊ नका.

माझं चुकलं, पूनम. हे वाक्य लिहायला तीन पत्रं लागली.

सुवर्णा

१६ एप्रिल २०२६

पूनम,

आज लई खुशीत आहे, म्हणून अक्षर वेडंवाकडं येईल.

आबांचं ते बोलणं मी बचत गटात मांडलं. प्रत्येक घरानं पाच स्टीलची ताटं, पाच वाट्या, पाच ग्लास द्यायचे. सगळी भांडी ग्रामपंचायतीच्या खोलीत एकत्र राहतील. गावात कुणाचंही कार्य असो, नेतील, वापरतील, धुऊन परत आणतील. आपली वस्ती, वरची आळी, सगळे एकाच ढिगातून. हे शेवटचं वाक्य बोलल्यावर बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. एकीनं पुटपुटत विचारलं, आमची ताटं बाजूला ठिवली तर चालंल का? मी तोंड उघडणार होते, आणि माझं तोंड उघडलं की काय होतं ते तुला ठाऊक आहे. पण त्याआधी झुंबरबाई उठल्या आणि वहीत आपल्या नावापुढं पन्नास ताटं लिहून खाली बसल्या. आनंदरावांना विचारलंत का, असं कुणी तरी म्हणालं. त्या म्हणाल्या, ताटं माझ्या माहेरची आहेत.

मीही अट घातली बरं का. खोलीची किल्ली दोघींकडे राहील, त्यांच्याकडे एक, माझ्याकडे एक. ही भांडी कुणी आम्हाला वापरायला दिली, असं व्हायला नको. ती आमचीही आहेत.

परवा जयंतीचं जेवण त्या ताटांतून झालं. चारशे वीस ताटं. दोन पंगती वस्तीच्या आणि वरच्या आळीच्या मिळून बसल्या. मटकीची उसळ, पुरी, बुंदी, भात. पत्रावळ नाही, पाण्याची बाटली नाही. दरवर्षी जेवणानंतर मैदान पांढरं व्हायचं आणि वारा सुटला की सगळं भीमेच्या काठाला जाऊन बाभळींना लटकायचं. या वेळी बुंदीचे दाणे सोडले तर जमिनीवर काही नव्हतं आणि तेही मुंग्यांनी साफ केले.

आता मजा ऐक. प्रत्येक ताटावर कुणाचं ना कुणाचं नाव घातलेलं आहेच. झुंबरबाईंची जाऊ ढिगात हात घालून आपल्या नावाचं ताट शोधायला लागली. एक काढलं, ठेवलं, दुसरं काढलं. मागं रांग थांबली. सगळ्यांना कळत होतं ती काय शोधतेय. झुंबरबाईंनी वरचं ताट उचललं, त्यावर माझ्या सासूबाईंचं नाव होतं, भागुबाई. ते ताट त्यांनी जावेच्या हातात ठेवलं आणि म्हणाल्या, “ताट हुडकायचं असंल तर घरी जाऊन जेव. हितं जेवायचं असंल तर ह्यात जेव.”

जाऊ जेवली. बुंदी दोनदा घेतली.

आबांना खुर्चीवर बसवून जेवायला दिलं होतं. त्यांनी ताट उलटं करून नाव वाचलं, कुणाचं होतं ते काही सांगितलं नाही. नुसते हसत होते. पूनम, तू तिथं असायला हवी होतीस. दर पाच मिनिटांनी वाटत होतं, हे पूनमला सांगायला हवं.

आक्का

२८ एप्रिल २०२६

पूनम,

दीक्षा पत्रिका घेऊन तुझ्याकडे आली होती. परत आल्यावर मी तिला दारातच धरलं. चपला तरी काढू दे, म्हणाली. तू तिला चिकन खाऊ घातलंस, साडी दाखवलीस, आबांच्या खोकल्याची चौकशी केलीस, आणि दुकानाच्या गल्ल्यामागे माझी सगळी पत्रं दोऱ्यानं बांधून ठेवलेली तिनं पाहिली. येणार का विचारलं तर म्हणालीस, “तुझी आई कुठल्या ताटात जेवनार हाय, ते इचार आदी.”

तर सांगते. तू आलीस तर पहिली पंगत तुझ्या पत्रावळ्यांवर बसेल. मी स्वतः वाढीन आणि मी स्वतः त्यात जेवीन. बचत गटाच्या बायका काय म्हणायचं ते म्हणोत. गावाला वर्षभर प्लास्टिक सोडायला लावलं, पण त्यापायी बहीण सोडायची नव्हती मला. कॅरीबॅगशिवाय माझं भागतं, तुझ्याशिवाय नाही भागत. दीक्षा तोंडानं बोलत नाही, पण साडी निवडताना दोनदा म्हणाली, मावशीला विचारू.

दुपारी बाराला मंगल परिणय. तू उशीर केलास तरी आम्ही थांबू, हेही तुला आत्ताच सांगून ठेवते.

तुझी आक्का

१३ मे २०२६

पूनम,

फोन सुरू झाला तरी पत्र लिहीत जा म्हणालीस, कारण फोनवर मी तुला बोलू देत नाही. मान्य. तसंही जे लिहायचं आहे ते तोंडावर सांगवलं नसतं.

बाराला दहा कमी होते तेव्हापासून मी मंडपात नव्हते. रस्त्याकडेच्या चिंचेखाली उभी होते. आत बौद्धाचार्य येऊन बसलेले, रोहन पांढऱ्या कपड्यांत घामाघूम, केंदूरची मंडळी घड्याळ बघतायत आणि आपली नवरी स्टेजच्या पायरीशी हट्टानं उभी. सव्वाबारा झाले. साडेबारा झाले. दाजी मला दोनदा बोलवायला आले, दुसऱ्यांदा आले तेव्हा माझ्याशेजारीच उभे राहिले. मी मनात म्हटलं, नाही येणार ती, आणि तिचं बरोबर आहे.

मग सावळारामरावांचा टेम्पो वळला. तू उतरलीस, माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाहीस, तरातरा गेलीस आणि दीक्षाच्या पाठीत एक धपाटा घालून तिला स्टेजवर नेलंस. त्रिशरण म्हणताना तुझा आवाज माइकशिवाय मंडपाच्या शेवटापर्यंत येत होता.

त्यानंतरचा गोंधळ तू पाहिलासच. केंदूरहून दोन बस येणार होत्या, आल्या चार. चारशे वीस ताटं आणि माणसं आठशेच्या वर. बचत गटाच्या बायकांचे चेहरे पडले. मी आबांच्या खाटेखालचं खोकं ओढून आणलं, शब्द दिला होता म्हणूनही आणि नाइलाज म्हणूनही. कात्री हातात घेतली. तेवढ्यात तू आलीस, कात्री काढून घेतलीस, खोकं उचलून धुण्याच्या जागेशी नेलंस आणि त्याच्यावर बसलीस. बसायला बरं झालं म्हणालीस. मग काय, यवतच्या ढाब्यांना वीस वर्षं माल पुरवणारी बाई तू. तीन टब मांडलेस, एकात खरकटं विसळायचं, एकात साबण, एकात स्वच्छ पाणी. पुसायला पोरी उभ्या केल्यास. पंगत उठली की दहा मिनिटांत ताटं परत वाढप्यांच्या हातात. डावीकडे तू, उजवीकडे झुंबरबाई, पदर खोचून, कोपरापर्यंत फेसात. आनंदराव जेवून हात धुवायला आले आणि बायकोला वस्तीतली खरकटी ताटं धुताना पाहून जागच्या जागी थबकले. त्यांच्या हातात तू टॉवेल दिलास आणि “मामा, पुसायला लागा,” म्हणालीस. चेअरमन निमूटपणे पुसायला लागले. ही गोष्ट गावात आता निवडणुकीपर्यंत पुरेल.

आठशे माणूस जेवलं आणि तुझं खोकं फुटलं नाही. ते टेम्पोत परत घालताना सावळारामराव मला म्हणाले, दुकानात भाड्यानं द्यायला स्टीलची ताटं ठेवायचं पूनम महिनाभर बोलतेय. तू मला का सांगितलं नाहीस? मी उड्या मारल्या असत्या म्हणून ना? मारल्याच असत्या.

आता जे सांगायचं आहे ते.

सगळं आवरल्यावर चार वाजले होते. तू ओल्या हातांनी तशीच बसली होतीस. मी ताट वाढून आणलं, वरण, भात, वांग्याची भाजी, दोन जिलब्या, आणि म्हणाले, पूनम, ताट एवढं एकच उरलंय, बाकी सगळी खोलीवर गेली. तू माझ्याकडे पाहिलंस. म्हणालीस, “मग बस की खाली. काय उभ्यानं खानार हायेस?” आणि आपण दोघी लहानपणीसारख्या एका ताटात जेवलो. तू माझ्या वाटणीची जिलबीही खाल्लीस.

ते खोटं होतं, पूनम. तुझ्या पाठीमागे टोपलीत वीसेक ताटं धुऊन पालथी घातलेली होती. मला दिसत होती.

तुझी आक्का